गोट्या, अकरा काठ्या ओलांडल्या मी

त्या दिवशी कोंडावर, नदीच्या डोहावर, होतो ते असे. आपले आबा. आबांचा मेहुणा, म्हणजे आपला दगडूमामा, कल्याणवरून आलेला. तू, गोटीराम, अकरा वर्षांचा, नाकाला शेंबूड. मी, चांगुणा, तुझी मोठी बहीण, चौदाची. आणि पलीकडच्या काठाला आबांच्या म्हशी धुणारी ठकी. एवढेच. आबा गेले, मामा गेला, आता तू गेलास. म्हशी तर कधीच गेल्या. उरलो मी आणि ठकी. म्हणून आता बोलते.

पूजा, माझी नात, मोबाईलवर लिहून घेते आहे. तिला सांगितलंय, मी बोलते तसं लिही, सुधारू नको. तुझ्या मासे धरणाऱ्या मंडळींना तुझ्या नावानं एक छोटं पुस्तक काढायचं आहे. मला म्हणाले, आजी, काकांबद्दल चार चांगले शब्द द्या. देईन. चार चांगले पण आहेत माझ्याकडे. आधी बाकीचे.

काठी माझी होती. हे पहिलं.

मेसाचा बांबू. बेटाच्या मधला नाय, कडेचा. मधला सावलीत वाढतो, उंच होतो आणि आतून पोकळ राहतो. कडेचा वाऱ्याचा मार खातो, तो भरीव. तोडून खांद्याला लागेल एवढाच ठेवला. तू हसलास. "एवढीशी? आबांची बग, दोन पुरुष हाय." अरे, आबांची काठी गांडूळ लावून विडी ओढत बसायची होती. माझं काम निराळं होतं. मला लाकडाचा मासा पाण्यात नाचवायचा होता. त्याला टोक खाली पाण्याकडे धरून झटका मारावा लागतो. काठी लांब असली तर टोक पाण्यावर आपटतं आणि कोंडातलं सगळं पळून जातं. आईच्या चुलीवर माळ्याला बांधून पंधरा दिवस धुरात सुकवली ती. मग बूड पोटाशी धरून टोक जमिनीला टेकवलं आणि दाबलं. अर्ध्यातून वाकली तर तो फोक, गुरं हाकायला. अजिबात वाकली नाय तर ती लाठी, माणसं हाकायला. वरचा तिसरा हिस्साच वाकला पाहिजे आणि सोडल्यावर चटकन सरळ झाला पाहिजे. माझी तशी होती. हे मला कोणी शिकवलं नाय. तीन काठ्या वाया घालवल्या तेव्हा कळलं.

आणि तो लाकडी मासा. पांगाऱ्याचं लाकूड, हलकं, विळ्यानं तासलं, माझ्या मधल्या बोटाएवढं. शेपटीला मामाच्या डबीतला गळ. पाण्यात टाकला तर तरंगला. पोटात एक चूक, बारका खिळा, ठोकली, तरी तरंगला. दुसरी ठोकली, मग तो ना वर आला ना तळाला गेला. मधेच लोंबकळत राहिला. मी एकटीच कोंडावर टाळ्या वाजवल्या. झटका, झटका, थांब. लाकडाचा नाचतो तोवर खरा मासा, मरळ, नुसता बघत बसतो. थांबला की त्याला वाटतं, गेला बिचारा. तेव्हा घेतो.

दोरी होती तंगुसाची, नायलॉनची. मामानं कल्याणच्या बाजारातून आणलेली. ती ओढली की जराशी ताणली जाते आणि परत येते. दोरी अशी पाहिजे, जराशी पोटात घेणारी. तुला ते पटलं नाय. "बारीक हाय. तुटंल." अकरा वर्षांचा होतास आणि शेवटपर्यंत हेच म्हणत राहिलास.

आपल्याकडचा नियम वाचणाऱ्यांना माहीत नसेल तर सांगते. काठी जमिनीवर आडवी पडली असेल तर बाईमाणसानं ती ओलांडायची नाय. ओलांडली तर त्या काठीला पुन्हा मासा लागत नाय. मग ती मोडून चुलीत घालायची. बायकांनी काठी हातात धरू नये असा काय नियम नव्हता. धरतंय कोण, असंच सगळ्यांना वाटत असणार. मी धरायची. आबा बघून न बघितल्यासारखं करायचे.

त्या दिवशी आबा आणि मामा जांभळीखाली जेवायला बसले. मी भाकऱ्यांचं फडकं सोडून दिलं, कांदा फोडला. काठी कातळाला टेकवून उभी ठेवली होती. उभी, गोट्या. आडवी नाय. उभी काठी कोण कशी ओलांडेल ते तू मला आजपर्यंत सांगितलं नाहीस.

माझी पाठ वळली आणि तू काठी घेतलीस. माझा तंगूस सोडलास. तुझ्या भोवऱ्याची दोरी बांधलीस, विणलेली, जाडजूड, म्हैस बांधली तरी तुटणार नाय अशी. आणि टाकलास मासा. नशीब बघ तुझं, पहिल्याच थांबण्याला पाणी फुटलं. मी वळून बघितलं तर मरळाचं डोकं वर आलेलं, माझ्या ताटाएवढं. तू हिसका मारलास. दोरीनं तर काय पोटात घेतलं नाय. टोकाला वाकायला वेळच दिला नाहीस तू. गळ लाकडी माशासकट सुटून माझ्या पायाशी आला आणि त्याला मरळाच्या ओठाचा तुकडा होता.

मामा म्हणाला, "दाजी, मांडीएवढा व्हता हो."

आबा उठले, हात उगारूनच. आणि तू रडत रडत बोललास, "बायनं काठी वलांडली व्हती! म्हणून गेला!"

आबांनी मला विचारलं पण नाय. काठी गुडघ्यावर घेतली. तीन तुकडे केले. "उद्यापासून कोंडावर दिसलीस तर तुला पण अशीच मोडीन." संध्याकाळी आईनं ते तुकडे चुलीत घातले आणि मला भाकऱ्या थापायला बसवलं. मेस चांगला जळतो. फट फट वाजतो. तू पहिली भाकरी खाल्लीस. गरम होती म्हणून फुंकर मारत होतास.

लाकडी मासा तेवढा कुठे दिसला नाय. मी समजले त्या गडबडीत घरंगळून पाण्यात गेला.

दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं, अंबरनाथला. नवरा कारखान्यात होता. माणूस बरा, छाती खराब. सहा वर्षांत गेला. दोन पोरं घेऊन मी उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात आले आणि सेठच्या जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला बसले. शिवलेल्या पॅंटला धागे लोंबत असतात, ते कापायचे. तीस वर्षं बसले. बोटं निळी झाली, आंघोळ केली तरी निळी. पोळी लाटली की कडेला निळं दिसायचं, पोरं म्हणायची, आई, आज पण जीन्सची पोळी. रडायला कधी जमलं नाय, डोळ्याला हात लावला की रंग जायचा डोळ्यात.

आता तुझे चार चांगले.

नवरा गेला तेव्हा तू बदलापूरवरून सायकलवर आलास, मागे तांदळाचं पोतं आणि सुकवलेले मासे. दारात उभा राहिलास, काय बोलला नाहीस, पोतं ठेवलंस आणि माझ्या धाकट्याला खांद्यावर घेऊन अख्खा कॅम्प फिरवून आणलास. त्यानंतर एक भाऊबीज चुकवली नाहीस. साडी आणायचास ती नेहमी तपकिरी, का ते देव जाणे. पोरीच्या लग्नात मांडवाचा खांब तू धरला होतास, वाऱ्यानं पडेल म्हणून, जेवण होईपर्यंत. हे मी विसरले नाय. तुझं मीठ मी खाल्लंय. म्हणून तर तोंड बंद ठेवलं एवढी वर्षं. ते मीठच घशात अडकलं होतं.

पण दर भाऊबीजेला ओवाळून झालं की मी विचारायची. पाटावर बसलेला असायचास, कपाळाला कुंकू, तोंडात करंजी.

"गोट्या, मी ओलांडली होती?"

"वलांडली व्हतीस."

"काठी उभी होती."

"पडली व्हती. तू बघितली नाय."

"मग मी ओलांडली ते तू कसं बघितलंस? तू तर पाण्याकडे तोंड करून होतास."

"बाय, करंजी खाऊ दे ना सणाची."

पोरं हसायची. त्यांना वाटायचं आमची मस्करी आहे.

नंतर तू मोठा माणूस झालास. मुंबई-ठाण्यावरून साहेब लोक गाड्या घेऊन यायचे, गाडीच्या टपावर काठ्या. काका, मरळ कुठे लागेल? काका, कुठली काठी घेऊ? तू त्यांना धरणाखालच्या कोंडावर न्यायचास. ऐटीत टोपी घालायचास, कोणी परदेशातून आणलेली. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू. भाऊ मोठा झाला की बहिणीला बरं वाटतंच.

मग एका भाऊबीजेला तू मोबाईल पुढे केलास. "बग, माझा व्हिडिओ." बघितलं. तू कातळावर उभा, हातात काळी काठी, समोर पाच-सहा जण. आणि तू सांगतोस, "काठी खांद्याएवढीच घ्या. टोक जमिनीला टेकवून दाबा. अर्ध्यातून वाकली तर गुरं हाकायला, नाय वाकली तर माणसं हाकायला." ते लोक हसले. तू थांबलास त्यांचं हसणं होईपर्यंत. मग म्हणालास, "झटका, झटका, थांब. थांबला की घेतो. हे आमच्या आबांनी शिकवलं."

आबांनी!

आबांनी उभ्या जन्मात लाकडाचा मासा हातात धरला नव्हता. गांडूळ लावायचे आणि झोपायचे. माझी काठी मोडली त्यांनी, आणि माझी अक्कल पण तू त्यांच्याच नावावर केलीस. स्वतःच्या नावावर केली असतीस तरी मी एक वेळ म्हणाले असते, जाऊ दे, धाकटा आहे. पण आबांच्या!

एकच गोष्ट तू माझी सांगत नव्हतास, ती दोरीची. दोरी तुझीच, आठ पदरी विणलेली, भोवऱ्याच्या दोरीची आजी. ती पण साहेबांना घ्यायला लावायचास. आणि दर वर्षी मला सांगायचास, यंदा मोठा सुटला बाय, यंदा पण सुटला, तोंडच फाटलं त्याचं. मी म्हणायची, तंगूस लाव. तू म्हणायचास, तुला काय कळतं, तू धागे काप. धागेच कापले रे मी. तीस वर्षं धागाच बघितला. कुठला धागा ताण खातो आणि कुठला कापड फाडतो हे माझ्या बोटांना डोळे मिटून कळतं. सूत कापडापेक्षा ताकदवान असलं की शिवण टिकते आणि कापड फाटतं. सेठनं पण हे मान्य केलं होतं एकदा. तू नाय केलंस.

दवाखान्यात शेवटचं भेटलो. तू खाटेवर, चिपाड झालेला, नाकात नळी, हाताला सलाईन. मी स्टुलावर. तू सलाईनची नळी दोन बोटांत धरून ओढत होतास, हळू, सोडत होतास, परत ओढत होतास. मला आधी कळलं नाय. मग म्हणालास, "ताण खाते गं."

म्हटलं, "मग? सांगत काय होते मी?"

हसलास. दात नव्हते. मग आपणहून म्हणालास, "तो मासा माझ्याजवळच हाय. लाकडाचा."

पंचावन्न-साठ वर्षं मी समजत होते तो पाण्यात गेला. तू खिशात घातला होतास. भाकरी खाताना तो तुझ्या चड्डीच्या खिशात होता.

विचारलं. शेवटचंच विचारलं. "गोट्या, आता इथे आबा नाय, मामा नाय, करंजी नाय. मी ओलांडली होती?"

तू छताकडे बघितलंस. मला वाटलं, आता येतंय. घशापर्यंत आलेलं मला दिसत होतं.

"वलांडली व्हतीस," म्हणालास आणि डोळे मिटलेस.

दोन दिवसांनी गेलास. त्या दोन दिवसांत मी परत आले नाय. लोकांना वाटलं म्हातारीला झेपलं नाय. मला झेपलं होतं. मी यायचं नाय म्हणून आले नाय.

दहावा नदीवर केला. तुझ्याच कोंडाच्या वरच्या अंगाला. पिंड ठेवला आणि कावळा लगेच आला, मला वाटतं भटजी नीट मागे पण सरकले नव्हते. सगळ्यांनी हात जोडले, आत्मा शांत झाला म्हणाले. होणारच. तुझं काही अडलेलं नव्हतं. अडलं होतं माझं.

तुझी मंडळी आली होती, सहा-सात जण. त्यांनी आणि तुझ्या संतोषनं मिळून तुझ्या काठ्या आणल्या होत्या. चादर अंथरून त्यावर ओळीनं ठेवल्या. अकरा. हार घातला. संतोष म्हणत होता, बाबांची आठवण म्हणून एकेक काठी एकेकानं न्या. सगळं चांगलं चाललं होतं. मग कोणीतरी हाक दिली, "ए बायांनो, तिकडून फिरून जा गं. इथं काठ्या हायेत."

बायका निमूट वळल्या. दगडातून, पाण्याच्या कडेनं. तुझी ठकी पण वळली. हो, तीच ठकी, म्हशी धुणारी. वाचणाऱ्यांना सांगते, पुढे तीच याची बायको झाली, माझी वहिनी. विधवा होऊन दहा दिवस झालेले आणि नवऱ्याच्या काठ्यांना वळसा घालून दगडातून चालली होती बिचारी, हातात चप्पल घेऊन.

माझे गुडघे गेलेत. दगडातून मला जमत नाय. पण खोटं कशाला, गुडघे धड असते तरी मी तिकडून गेले नसते.

मी लुगडं वर खोचलं आणि चादरीच्या या टोकाला उभी राहिले. तुझ्या फोटोकडे बघितलं. पहिली ओलांडली. दुसरी ओलांडली. संतोष ओरडला, "आत्या! आत्या, काय करतेस!" तिसरी, चौथी. कोणीतरी हात धरायला आलं, त्याला म्हटलं, अंगाला हात लावायचा नाय. सहावीला तोल गेला, पण पडले नाय. अकरा झाल्या. वळले. परत येताना पुन्हा अकरा. एकीचं खोटं होतं ना तुझं, घे, आता बावीसदा खरं.

खोचलेलं लुगडं सोडलं.

संतोषचं तोंड पांढरं. "गेल्या सगळ्या काठ्या. आता कोण नेणार?"

मी त्या मंडळींकडे बघितलं. शिकलेले, कंपनीत ऑफिसर, एक तर डॉक्टर. म्हटलं, "न्या की. तुम्ही कशाला मानता असलं?" एक म्हणाला, "नाही हो आजी, आम्ही काही मानत नाही." पण कोणी पुढे झाला नाय. सगळे बूट बघत होते आपापले. आमच्या कॅम्पातला हरेश होता त्यात, सिंधी पोरगा, गळ-दोऱ्यांचं दुकान आहे त्याचं. तो डोकं खाजवत म्हणाला, "अम्मा, हम तो नहीं मानते. पर काका मानते थे ना."

"तो मानत नव्हता," मी म्हटलं. "त्याला माहीत होतं. दे एक काठी. मासा लावून दाखवते."

"अम्मा, आज?"

"आजच. त्याच्यासमोर."

एकेक काठी उचलली. टोक जमिनीला टेकवलं, दाबलं. पहिली लाठी. दुसरी लाठी. तिसरी चांगली, पण लांब, माझ्या डोक्याच्या वर. पाचवी घेतली, काळी, खांद्याला लागणारी. दाबली तर वरचा तिसरा हिस्सा वाकला आणि चटकन सरळ. हातात घेतली आणि मला चुलीतला फट फट आवाज आठवला. म्हटलं, ही.

रिळावरची दोरी दाताखाली घेतली, ओढली. हरेश म्हणाला, "ब्रेडेड है अम्मा, आठ धागे वाली. टूटेगी नहीं."

"टूटेगी नहीं, तो मच्छी का मुँह टूटेगा," मी म्हटलं. "तंगूस दे. नायलॉन है ना?"

त्यानं गाडीतून दुसरं रीळ आणलं आणि बदललं. मासा म्हणून प्लास्टिकचा होता, जपानचा म्हणे, रंगीत, डोळे बटाट्यासारखे. पाण्यात बघितला. मधेच लोंबकळत राहिला. ना वर, ना खाली. मी हसले, गोट्या, पहिल्यांदा हसले तू गेल्यापासून. जपानवाल्यांनी पण दोन चुका ठोकल्या वाटतं.

तेव्हा आठवलं. म्हटलं, "ठके, याच्याकडे माझा लाकडी मासा होता. तो आण. त्यानंच धरते."

ठकी म्हणाली, "दिला तो. दवाखान्यात न्यायच्या आधी एक साहेब भेटायला आलावता, त्याला दिला. आबांच्या हातचा हाय म्हणून दिला."

परत आबा. बरं.

रीळ मला येत नाय. फेकायचं काम हरेशनं केलं आणि काठी माझ्या हातात दिली. झटका माझा, थांबणं माझं. टोक खाली धरलं. झटका, झटका, थांब. तीन श्वास. झटका, झटका, थांब. काय नाय. परत फेकला. परत काय नाय. मागे कुजबुज सुरू झाली. संतोष म्हणाला, "आत्या, बस कर. लोक बघतायत." बघू देत. तेव्हा पण बघत होते. चौदा-पंधरा वेळा झालं. खांदा ठणकायला लागला. मला वाटलं, मेला तरी हाच जिंकतो वाटतं.

मग थांबले. दुसराच श्वास होता. दोरी बाजूला सरकली, एवढीच, वीतभर.

मी हिसका मारला नाय. टोकाला ताण पिऊ दिला. टोक वाकलं, मग काठी वाकली, तंगूस ताणला गेला, आणि मग पाणी फुटलं. हरेश ओरडला, "खींचो अम्मा, खींचो!" म्हटलं, "तू गप्प." तो गेला खाली, मी जाऊ दिला. आला वर, घेतला. दोरी माझ्या बोटाला सांगत होती किती आहे ते. काठावर आणला. मांडीएवढा नव्हता. मांडीएवढा तू घालवलास. पण कोपरापर्यंत होता, काळा, चकाकणारा. गळ ओठात नीट बसलेला. ओठ फाटला नव्हता.

ओलांडलेल्या काठीला. एकदा नाय, दोनदा ओलांडलेल्या.

सुतकात खाता येत नाय म्हणून सोडून दिला. नाय तर शपथ घेऊन सांगते, त्याचं कालवण करून तुझ्या पानात वाढलं असतं.

ठकी माझ्याजवळ येऊन बसली. पाण्याकडे बघत म्हणाली, "नाय वलांडली व्हती तुम्ही. काठी हुबी व्हती. म्या बघितलं व्हतं."

सगळ्यांनी ऐकलं. संतोषनं ऐकलं. हरेशनं ऐकलं.

"मग बोललीस का नाय गं?" मी विचारलं. एवढी वर्षं एकाच ताटात जेवलो आम्ही सणासुदीला.

"तवा म्हशी आबांच्या व्हत्या. मंग नवरा झाला. कदी बोलू?" जरा थांबून म्हणाली, "कदी कदी वाटायचं, म्या बघितलं म्हणूनच मागणी घातली का काय मला."

दोघी हसलो. तुझ्या दहाव्याला, पिंडासमोर, दोघी म्हाताऱ्या हसलो. तुला ऐकू गेलं असेल तर बरं झालं.

लोक म्हणतात गेलेल्या माणसाला माफ करावं. मी केलेलं नाय. तांदळाचं पोतं एका बाजूला, मांडवाचा खांब एका बाजूला, तपकिरी साड्या सगळ्या एका बाजूला. ते तुझं, त्याला मी हात जोडते. काठी दुसऱ्या बाजूला. ती तिथेच राहील. दवाखान्यात तुला एक शब्द बोलायचा होता. तू परत उलटा बोललास, आणि मरताना लबाडी करायची तुझी हिंमत माझ्यात नाय, एवढं मात्र कबूल करते. यंदाच्या भाऊबीजेला पाट मांडीन. पाटावर ती काळी काठी आडवी ठेवीन, संतोषनं मलाच दिली ती. ओवाळीन. आणि ओलांडून स्वयंपाकघरात जाईन करंज्या तळायला. रोज ओलांडते आता, येता-जाता.

आता हे वाचणाऱ्या मंडळींना एक सांगणं. तुमच्यातल्या कोणाकडे तरी तो लाकडी मासा आहे. मधल्या बोटाएवढा, पांगाऱ्याचा, रंग नाय, पोटात दोन चुका ठोकलेल्या, शेपटीजवळ दातांच्या खुणा असतील. तुम्हाला तो आबांचा म्हणून दिला. तो आबांचा नाय. चांगुणानं केला, चौदा वर्षांची असताना, विळ्यानं. संतोषकडे आणून द्या, तो माझ्याकडे पोचवेल.